वजन उतरणं आणि दमसास वाढणं: मूत्रपिंडाच्या आजारात दोन्ही वेगळं मोजा

दोन महिने नेमाने चालूनही काटा जागचा हलला नाही, की माणूस "काही उपयोग नाही" म्हणतो आणि चालणं सोडून देतो. वजन जास्त आणि त्यात मूत्रपिंडाचा जुनाट आजार, अशा माणसाने असं केलं की फार वाईट वाटतं. कारण त्या दोन महिन्यांत त्याच्या शरीरात जे सुधारलेलं असतं, ते काट्यावर दिसतच नाही.

वजन मुख्यतः खाण्यातल्या बदलाने उतरतं. हिशेब करून पाहा. ८० किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला, तर बसून राहण्यापेक्षा साधारण १०० ते १५० कॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. आठवड्यातून पाच दिवस चाललं आणि खाणं तेवढंच ठेवलं, तर एक किलो उतरायला अडीच ते साडेतीन महिने लागतील.

दमसासाचं तसं नाही. चालणं, सायकल, पोहणं अशा एरोबिक व्यायामाने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात आणि स्नायू प्राणवायू जास्त चांगला वापरू लागतात. हे काही आठवड्यांतच जाणवतं. ज्या जिन्यावर मध्ये थांबावं लागायचं, तो एका दमात चढता येतो. बऱ्याच जणांचा रक्तदाबही थोडा उतरतो. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज, मात्र चालण्याने वाढेलच, अशी आशा मी कुणाला लावणार नाही. पण या आजारात हृदयविकाराचा धोका मोठा असतो, आणि दमसास वाढवणं म्हणजे त्या हृदयाचीच काळजी घेणं.

आता काट्याबद्दल, कारण या आजारात तो दोन्ही बाजूंनी फसवतो. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर अंगात पाणी साठतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसते. पायांवर सूज आहे का, धाप लागते का, ते पाहून डॉक्टरांना कळवायचं. उलट बाजू जास्त घातक आहे. मनानेच उपाशी राहून वजन झरझर उतरवलं, तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, स्नायूंमधून तयार होतं, त्यामुळे स्नायू झडले की क्रिएटिनिन कमी येतं आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर सुधारल्यासारखा दिसतो. वजन कमी, रिपोर्ट चांगला, आणि माणूस मात्र अशक्त! म्हणून प्रथिनं किती घ्यायची हे आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या, आणि चालण्याला स्नायूंच्या हलक्या व्यायामाची जोड द्या.

किती चालायचं? मध्यम जोराचा व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, किंवा आपल्या हृदयाला आणि शरीराला झेपेल तेवढा, असं केडिगो या मूत्रपिंडाच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाता येत नाही. रक्तदाबाची किंवा हृदयाची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर जोर ओळखायला नाडीवर विसंबू नका. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. सुरुवात दहा मिनिटांपासून केली तरी चालेल, मात्र आधी डॉक्टरांना विचारून. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर विचारायलाच हवं, कारण मूत्रपिंड मंदावलं की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ राहतं आणि व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबा.

दमसास मोजायला यंत्र लागत नाही. सपाट वाटेवर ६ मिनिटांत किती अंतर कापता येतं, ते महिन्यातून एकदा वहीत लिहा, आणि वजनाचा आकडा वेगळ्या पानावर. रक्त-लघवीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र जोराचा व्यायाम नको. त्याने क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तात्पुरतं वाढलेलं दिसू शकतं.