संयुक्त घटनांची संभाव्यता

दोन किंवा अधिक घटना एकत्र घेऊन जी घटना तयार होते, तिला संयुक्त घटना म्हणतात. उदाहरणार्थ, दोन फासे टाकले असता दोहोंवर ६ येणे. सर्व निष्पत्ती (म्हणजे प्रयोगातून येऊ शकणारे निकाल) समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या असतील, तर अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला नमुना अवकाशातील, म्हणजे शक्य असलेल्या सर्व निष्पत्तींच्या संचातील, एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागले की संभाव्यता मिळते. भागाकार सोपा असतो. खरी कसोटी मोजणीची.

गॅलिलिओने सतराव्या शतकात सोडवलेला प्रश्न या बाबतीत आजही सर्वांत बोलका आहे. तीन फाशांची बेरीज ९ होण्याचे सहा प्रकार आहेत आणि १० होण्याचेही सहाच; तरीही १० जास्त वेळा येते, असा खेळणाऱ्यांचा अनुभव होता. गॅलिलिओने प्रत्येक फासा वेगळा धरून मोजणी केली. ३, ३, ३ हा प्रकार एकाच रीतीने पडतो. ३, ३, ४ मात्र तीन रीतींनी, कारण ४ तिन्हींपैकी कोणत्याही फाशावर येऊ शकतो. आणि १, २, ६ सारखा तिन्ही अंक भिन्न असलेला प्रकार सहा रीतींनी. अशा प्रकारे २१६ निष्पत्तींपैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ अनुकूल ठरतात. दिसायला सारखे असले तरी फासे वेगळे मानायचे, ही सवय विद्यार्थ्याने सूत्रे पाठ करण्याआधी लावून घ्यावी.

‘किंवा’ने जोडलेल्या दोन घटनांच्या संभाव्यतांची बेरीज करून सामाईक भाग एकदा वजा करतात. पत्त्यांच्या कॅटमधून काढलेले पान बदामचे किंवा राजा असण्याची संभाव्यता १३/५२ + ४/५२ − १/५२, म्हणजे ४/१३ येते, कारण बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेलेला असतो. ‘आणि’साठी गुणाकार करतात, मात्र पहिल्या घटनेमुळे दुसरीची संभाव्यता बदलते का, हे आधी पाहावे लागते. पहिले पान परत न ठेवता दुसरे ओढले, तर दोन्ही बदामची असण्याची संभाव्यता १३/५२ × १२/५१ = १/१७ असते; परत ठेवून पत्ते पिसले, तर १/१६.

‘निदान एकदा’ असे विचारले असेल, तेव्हा पूरक घटनेची, म्हणजे ती घटना एकदाही न घडण्याची संभाव्यता काढून ती १ मधून वजा करावी. एक फासा चार वेळा टाकला असता एकदाही ६ न येण्याची संभाव्यता ६२५/१२९६, म्हणून निदान एकदा येण्याची ६७१/१२९६, निम्म्याहून किंचित अधिक. एका फाशाच्या निष्पत्ती ६, दोन फाशांच्या ३६; ४ चे ६ शी जे प्रमाण, तेच २४ चे ३६ शी असल्याने दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही ६ आणण्याची पैजही तितकीच फायद्याची ठरावी, असे जुगार खेळणारा फ्रेंच गृहस्थ शव्हालिए द मेरे याला वाटत होते, आणि ही अडचण गणितज्ञ पास्कालने १६५४ मध्ये दुसरा गणितज्ञ फेर्मा याला पत्राने कळवली. प्रत्यक्षात ही संभाव्यता सुमारे ०.४९१ भरते, निम्म्याच्या वर जाण्यासाठी फासे २५ वेळा टाकावे लागतात.