अजनाल्याच्या विहिरीतले दात

३० जुलै १८५७. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या २६व्या नेटिव्ह इन्फंट्री या पलटणीचे शिपाई निसटले. त्यांची हत्यारं मे महिन्यातच काढून घेतली होती. रावीकाठी पकडलेल्यांना अमृतसरजवळच्या अजनाला गावी आणलं गेलं. १ ऑगस्टला २३७ जणांना गोळ्या घातल्या, ४५ जण कोंडलेल्या खोलीत गुदमरून मेले, आणि २८२ मृतदेह एका कोरड्या विहिरीत टाकले गेले. अमृतसरचा तेव्हाचा उपायुक्त फ्रेडरिक कूपर यानेच हे सगळं लिहून ठेवलं आहे, आणि तेही अभिमानाने.

२०१४ साली ती विहीर उपसली गेली. हाडं, कवट्या, दात, नाणी असं बरंच काही निघालं. काम हौशी मंडळींच्या हातून, तज्ज्ञांविना झालं. त्यात हाडं मोडली आणि एकमेकांत मिसळली. कोणती मांडी कोणत्या कवटीची, हे कळण्याचा मार्गच बुजला. त्या मंडळींच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, पण हे नुकसान भरून येणारं नाही. शिवाय वादही उभा राहिला : हे शिपाई कशावरून? १९४७च्या दंगलीत मारलेले लोक कशावरून नाहीत?

उत्तर दातांनी दिलं. हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने घडतं. दातावरचं एनॅमल, म्हणजे वरचा कठीण थर, मात्र बालपणी एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. ते घडताना मूल जे पाणी पितं, त्यातला ऑक्सिजन त्यात कायमचा अडकतो. हा ऑक्सिजन सगळीकडे सारखा नसतो. काही अणू थोडे जड असतात, आणि जड अणूंचं पाणी ढगातून आधी गळून पडतं. त्यामुळे समुद्रापासूनचं अंतर, उंची, उष्णता यांनुसार पाण्यातलं जड-हलक्याचं प्रमाण बदलतं. माणूस मरेपर्यंत कुठे कुठे फिरला ते एनॅमल सांगत नाही, पण लहानपणी कुठलं पाणी प्यायला ते सांगतं.

चंदीगडचं पंजाब विद्यापीठ, हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणूंच्या जीवशास्त्राची संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ इथल्या शास्त्रज्ञांनी मिळून ८५ नमुन्यांतला ऑक्सिजन मोजला आणि ५० नमुन्यांतला मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म भागांतला वेगळा डीएनए, वाचला. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ही माणसं पंजाबची नव्हती, गंगेच्या खोऱ्यातली होती. २६व्या पलटणीत भरती पूर्वेकडची होती, ही नोंद त्याच्याशी जुळते.

गाव नाही, तरी मुलूख कळला. मग नावं का कळत नाहीत?

पर्ल हार्बरला १९४१ साली बुडालेल्या 'ओक्लाहोमा' युद्धनौकेवरचे ३८८ जण अनोळखी म्हणून पुरले होते. तिथेही हाडं मिसळलेलीच होती. २०१५पासून कबरी उघडून त्यातल्या साडेतीनशेहून अधिक जणांची ओळख पटवली गेली. कारण तिथे मृतांची यादी होती, दातांच्या नोंदी होत्या, आणि नातेवाईक शोधून त्यांचा डीएनए मिळवता आला. डीएनए आपणहून नाव सांगत नाही. तो कुणाशी तरी जुळवावा लागतो.

अजनाल्यात अडचण आणखी खोल आहे. जुन्या हाडांत मायटोकाँड्रियल डीएनए तगतो, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. पण तो फक्त आईकडून येतो. म्हणजे शिपायाच्या स्वतःच्या मुलांत, नातवंडांत तो नसतो. तो शोधायचा तर त्याच्या बहिणीची मुलगी, तिची मुलगी, अशा ओळीने आजवर यावं लागेल. आपल्या वंशावळ्यांत बहुधा मुलग्यांचीच नावं लिहिलेली असतात. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र त्या वंशावळ्यांशी जुळलं असतं, पण पेशीत त्याची एकच प्रत असते आणि दीडशे वर्षांत तिचे तुकडे होतात.

तरीही उत्तर प्रदेश-बिहारमधल्या ज्या घरांत पलटणीतून न परतलेल्या पूर्वजाची आठवण अजून सांगितली जाते, तिथे जाऊन नमुने गोळा करायला हवेत असं मला मनापासून वाटतं. एक नाव जुळलं तरी पुरे.