लिफ्ट म्हातारी झाली म्हणजे नेमकं काय म्हातारं झालं?

तालुक्याच्या आमच्या गावात लिफ्ट एकच, तीन मजली दवाखान्यातली. तीस वर्षांची, चॅनल गेटची. मागच्या वैशाखात सासऱ्यांना व्हीलचेअरवर घेऊन वर निघालो. आत सात जण कोंबलेले. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खालीच थांबली. वॉर्डबॉयनं सवयीनं खुर्ची मागे कलती केली आणि उचलून बाहेर काढली. दुपारी मी एकटाच जेवणाचा डबा घेऊन गेलो, तर तीच लिफ्ट दोन बोटं वर जाऊन थांबली.

दवाखान्यात तेव्हा वाद सुरूच होता, की लिफ्ट दुरुस्त करायची की उखडून नवी बसवायची. माझ्या डोक्यात मात्र ही चार बोटं आणि दोन बोटं अडकली.

मोट चालताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, बैलांची धाव उताराची असते. भरलेली मोट ओढायला बैलांच्या ताकदीसोबत त्यांचं वजनही कामी येतं. लिफ्टमध्ये बैलांच्या जागी लोखंडी ठोकळे असतात. आठ माणसांची लिफ्ट म्हणजे आपल्याकडे माणशी ६८ किलो धरून ५४४ किलो. माणसं उभी राहतात तो लिफ्टचा डबा ७०० किलोचा असेल, तर दोराच्या दुसऱ्या टोकाला साधारण ९७० किलोचे ठोकळे लावतात, म्हणजे डब्याचं वजन आणि निम्मी माणसं. त्यामुळे मोटरला अख्खा डबा उचलावाच लागत नाही; तिच्या वाट्याला येतो फक्त दोन्ही बाजूंचा फरक, जास्तीत जास्त पावणेतीनशे किलो. आणि मोटर फिरवते त्या चाकाला दोर कुठे बांधलेला नसतो. बिथरलेल्या गोऱ्ह्याचा दोर झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन धरतात ना, तशी सगळी भिस्त घर्षणावर.

आता बोटांचा हिशेब लागतो. जुन्या मोटरला वेग एकच. मजला आला की वीज तुटते, ब्रेक आवळतो आणि डबा थोडा घसरून थांबतो. वर जाताना भरलेला डबा जड, म्हणून लवकर अडतो. रिकाम्या डब्याला पलीकडचे ठोकळे वर ओढतात, म्हणून तो पुढे जातो. म्हणजे हा दोष म्हातारपणाचा नाहीच, जन्माचा आहे! नवा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारताच हळूहळू उतरवतो, मोटरवरचा एन्कोडर डबा कुठे आहे ते सांगत राहतो, आणि ब्रेक लागतो तो डबा थांबल्यावर.

मोटर सुरू होताना कण्हायची, त्याचंही तसंच. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला सगळे पंप एकदम सुरू झाले की गावाचं व्होल्टेज बसतं. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. ४१५ चे ३३० झाले, म्हणजे व्होल्टेज पाचवा हिस्सा उतरलं, तरी जोर तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातो. त्यात थेट सुरू होणारी मोटर पहिल्या झटक्याला पाच-सहा पट करंट मागते. "लिफ्टले काही झालं नाही भाऊ, तिले करंटच पुरत नाही," असं मिस्त्री म्हणाला. नव्या ड्राइव्हनं हा पहिला झटकाही मोडतो.

मग खरोखर झिजलं काय? मिस्त्रीनं गिअरबॉक्सचं तेल अंगठा-तर्जनीत चोळून दाखवलं; बोटांवर सोनेरी चमक होती. आतल्या काशाच्या चाकाचीच ती पूड. वरच्या चाकाच्या खाचा इतक्या खोल झाल्या होत्या की दोर तळाला टेकत होता, म्हणजे पकड सुटत चाललेली. वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिले-कॉन्टॅक्टरमध्ये शेजारच्या जिनिंगची रुई. पण ज्या रुळांवर डबा सरकतो ते सरळ, ठोकळे आणि डब्याचा सांगाडा धडधाकट. शाफ्टमधलं, म्हणजे लिफ्ट जिच्यात फिरते त्या उभ्या पोकळीतलं, हे पोलाद आणखी तीस वर्षं निघेल. ते उपटून भंगारात देणं मला उधळपट्टी वाटते.

उलट, नवी लिफ्ट बसवली तरी शाफ्ट तोच राहणार. स्ट्रेचर आज मावत नाही, तर उद्याही मावणार नाही. बाजूला सरकणाऱ्या दारांना तर उलट जागा जास्त लागते. भिंत फोडून शाफ्टच मोठा करायची तयारी असेल, किंवा रूळच वाकले असतील, तर नव्याचा विचार करावा.

सुरक्षेत मात्र काटकसर नको. १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये एलिशा ओटिसनं फळीवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला आणि फळी जागीच अडकली. आज ते काम वेग हाताबाहेर गेला की ओळखणारा गव्हर्नर आणि रुळांना चावणारे जबडे करतात. लोकांना लिफ्ट खाली पडायची भीती असते, पण ब्रेक निकामी झाला तर रिकामा डबा वर धावतो, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

शेवटी रूळ आणि ठोकळे ठेवून मशीन, दोर, पॅनल, ब्रेक, गव्हर्नर, दारं बदलायचं ठरलं. मिस्त्रीची अट एकच होती. गच्चीवरच्या मशीनरूमला टिनाचं छप्पर. मे महिन्यात बाहेर पारा ४६ वर, तर आत काय असेल! पॅनलमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान वाढलं की दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. त्यामुळे आधी टिनाखाली थर्माकोल, एक्झॉस्ट पंखा आणि रुईसाठी बारीक जाळी. डॉक्टरांनी विचारलं, कूलरच लावून टाकू का?

"ओल्या हवेनं बोर्ड सडते, डॉक्टरसाहेब. कूलर पेशंटले लावा."