"झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल"

रात्री दीडला दार वाजलं. आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलांपैकी एक जण होता, "काकू, हा उठतच नाहीये." वर जाऊन बघते तर मुलगा उताणा पडलेला, उशाशी बादली, आणि शुद्धीवर यावा म्हणून कॉफी पाजायच्या नादात टीशर्ट सगळा भिजवलेला. बाकीचे म्हणत होते की झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.

आधी हिशोब बघा. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण 42.8 टक्क्यांची, म्हणजे 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल झालं 60 ग्रॅमच्या आसपास. लिव्हर तासाला निस्तरतं साधारण 7 ते 10 ग्रॅम, म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला 6 ते 9 तास, मग कॉफी पाजा, लिंबू चाटवा नाहीतर थंड पाण्याची बादली ओता, लिव्हर काही घाई करत नाही.

त्यात आपलं बडोदं. दारूबंदी 1949 च्या कायद्यापासूनची, त्यामुळे मुलं पितात ती खोलीचं दार लावून, घाईघाईत, कोणी यायच्या आत बाटली संपवायची म्हणून आणि बऱ्याचदा न जेवता. पोटात अन्न नसलं की दारू जठरात थांबत नाही, सरळ लहान आतड्यात जाते आणि तिथून भराभर रक्तात. शेवटचे घोट तर माणूस आडवा झाल्यावरही रक्तात मिसळत राहतात. म्हणजे पडल्यानंतर तास-दीड तास नशा उतरत नाही, उलट चढू शकते, हेच कोणाला माहीत नसतं.

अल्कोहोल मेंदूतला ब्रेक दाबून धरतं आणि ॲक्सिलरेटर ढिला करतं. आधी लाज जाते, मग तोल, मग शुद्ध, आणि प्रमाण वाढतच गेलं तर श्वास चालवणारा भागही मंदावतो. ठसका लागून घसा साफ होणं बंद पडतं, म्हणून उताण्या माणसाला उलटी झाली तर ती थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. सोबत झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनवालं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तेही तोच ब्रेक दाबतं, मग थोडी दारूही पुरते.

मी त्याला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडून पुढे घेतला, हात गालाखाली ठेवला आणि घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला 8 पेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत 10 सेकंदांहून जास्त खंड, किंवा ओठ-नखं निळसर, अंग गार, चिमटा काढला तरी हालचाल नाही, यातलं एक जरी दिसलं तरी 108. त्याचे सात भरले. मी फोन लावला तेव्हा कळलं की मुलांनी आधीच पाऊण तास घालवला होता, पोलीस येतील का, घरी कळेल का, यावर. पाऊण तास! मला आजही त्याचा राग येतो, मुलांचा नाही, त्या भीतीचा.

आणि पोटलीबद्दल, म्हणजे पिशवीतल्या गावठी दारूबद्दल, वेगळं सांगते. जुलै 2022 मध्ये बोटादच्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूकांडात, 40 हून जास्त माणसं गेली ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. आपलंच लिव्हर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं, पण याला अर्धा-एक दिवस लागू शकतो, तोवर माणसाला वाटतं की आपण बरे आहोत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे पांढरं धुकं आलं तर तसंच हॉस्पिटल गाठायचं आणि काय प्यायलो ते खरं सांगायचं, कारण त्यावर उतारा आहे, डायलिसिस आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

आमचा मुलगा वाचला. दोन दिवसांनी भेटायला आला. त्या रात्री तो स्वतःच्या पायांनी जिना चढला होता, खाली वॉचमनकाकांना "आवजो" म्हणाला होता, मित्राला उद्याच्या सबमिशनचं बोलला होता, यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, तेव्हाच बंद पडला होता, बाकीचा माणूस चालत-बोलत असताना. "काकू, मी खरंच बोललो का हो काकांशी?" असं त्याने मला दोनदा विचारलं.