कनात उतरते, छप्पर चढते: बोटीवरील हार्डटॉपची पार्श्वभूमी

उत्तर कॅरोलायनातील एका गिरणीने १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या अ‍ॅक्रिलिक कापडाचा रंग विणल्यानंतर चढवलेला नव्हता. तो धागा तयार होतानाच त्याच्या अंगात मुरवलेला होता. दुकानांपुढे ताणायच्या छतांसाठी काढलेले हे कापड बोटींवर आले आणि ओले झाले की आवळणारे, बुरशीने काळे पडणारे जुने सुती कॅनव्हास मागे पडले. सुकाणूवर स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापडी छत आणि चारी बाजूंना पारदर्शक प्लास्टिक शिवलेली, चेनने उघडबंद होणारी कनात ही मांडणी त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतील हौशी बोटींवर सर्रास दिसू लागली. आज हार्डटॉप, म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या खिडक्यांसह बसवलेले टणक, कायमचे छप्पर, जिची जागा घेतो ती हीच कनात.

कनातीतील पारदर्शक पडद्याला तिकडचे बोटमालक आजही ‘आयसिंग्लास’ म्हणतात आणि या शब्दाने बराच घोळ घातला आहे. मुळात आयसिंग्लास म्हणजे माशाच्या वाताशयापासून काढलेला शुद्ध सरस. घोळ माशाच्या पोटातील ज्या पिशवीला पालघरच्या किनाऱ्यावर सोन्याचा भाव येतो, तोच हा अवयव. पुढे शेगडीच्या दारात आणि घोडागाडीच्या पडद्यांत बसवलेल्या अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांना हे नाव मिळाले, आणि तेथून ते कनातीत शिवलेल्या विनाइल या मऊ प्लास्टिकच्या तावाकडे आले. नावात ‘ग्लास’ असले तरी या प्रवासात काच कधीच नव्हती. विनाइल नवे असताना लख्ख असते, पण थंडीत गुंडाळले तर तडकते, आणि तापलेल्या स्टीलच्या नळीला जेथे टेकते तेथे त्यावर नळीच्या रुंदीची तपकिरी पट्टी उमटते. काही वर्षांच्या उन्हानंतर ते दुधाळ होते. सुकाणूवरच्या माणसाला मावळत्या सूर्याच्या दिशेने बंदरात शिरायचे असते, तेव्हा समोर फक्त एक पिवळा झगझगाट उरतो. मालक छप्पर बदलायला निघतात ते बहुधा या खिडकीला कंटाळून, असे माझे मत आहे.

टणक छप्पर ही कल्पना मात्र जुनीच आहे. कामाच्या बोटींवर लाकडी व्हीलहाउस, म्हणजे सुकाणूभोवतीची बंद खोली, कापडी कनातीच्या कितीतरी आधीपासून होते, आणि स्वीडनमधील एका बांधणीदाराने १९६० च्या दशकातच शिडाच्या बोटींवर काचेचा कायमचा विंडस्क्रीन बसवायला सुरुवात केली होती. फायबरग्लास आणि फोमचा गाभा असलेले हलके पत्रे हाताशी आल्यावर हे काम जुन्या बोटींवर आणि खुद्द मालकांच्या हातून होऊ लागले.

खरा वाद छपराचा नाही. तो खिडकीत काय बसवायचे याचा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. काचेसारखे पारदर्शक, टणक अ‍ॅक्रिलिक (कापडाचे नव्हे, तावाचे) १९३० च्या दशकात बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले; पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकचा शोध १९५३ चा. दोन्हींची घनता पाण्याच्या साधारण १.२ पट, तर काचेची २.५ पट. म्हणजे पाच चौरस मीटर खिडक्यांना सहा मिलिमीटर जाडीचे अ‍ॅक्रिलिक लावले तर सुमारे ३६ किलो भरते, काच लावली तर ७५ किलो, आणि काढून टाकलेले एक मिलिमीटरचे विनाइल जेमतेम सहा-सात किलोचे असते. हे सगळे वजन बोटीच्या सर्वात उंच भागात जाते आणि तिची स्थिरता घटवते. या हिशेबामुळे अनेकजण प्लास्टिककडे वळतात. पण एक मीटर लांबीचे अ‍ॅक्रिलिक तापमानातील तीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर लांबते, आणि घट्ट स्क्रूने आवळले तर भोकापासून चीर धरते. म्हणूनच ते लवचीक चिकटवणीवर बसवण्याची पद्धत आली. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि योग्य लेप नसेल तर ते उन्हाने पिवळे पडते. वाळलेल्या मिठावरून वायपर फिरला की दोन्ही प्लास्टिके खरवडून निघतात. ज्या खिडकीतून बोट चालवायची, त्या समोरच्या खिडकीला टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, काचच हवी आणि वजनाची काटकसर बाजूच्या खिडक्यांत करावी, ही भूमिका मला पटते. विनाइल टाकून देण्याचे कारणच दृष्टी असेल, तर तिच्याशीच तडजोड करण्यात अर्थ नाही.

या निवडीला नियमांची चौकट उशिरा मिळाली. हौशी बोटींसाठीचा युरोपीय संघाचा निर्देश (सदस्य देशांना बांधील करणारा कायदा) १९९४ मध्ये आला आणि जून १९९८ पासून पूर्णपणे लागू झाला. खिडक्यांच्या मजबुतीचे आंतरराष्ट्रीय मानक २००२ मध्ये निघाले आणि २०२० मध्ये सुधारले गेले. त्यात खिडकीची जाडी तिच्या आकारावर, बोटीवरील जागेवर आणि बोट कोणत्या पाण्यासाठी बांधली आहे यावर ठरते. २०१३ च्या नव्या निर्देशातील ‘मोठा फेरबदल’ या संज्ञेत, बोट आवश्यक सुरक्षा अटींत कदाचित बसणार नाही इतका बदलही येतो. वजनदार छपराने स्थिरतेचा जुना हिशेब मोडला तर ते काम या व्याख्येच्या उंबरठ्याशी येते, पण परसात छप्पर घडवणारा मालक तो हिशेब मांडतोच असे नाही.

कनात वादळापूर्वी उतरवून खाली ठेवता येते, आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळाचा इशारा आला की पहिले काम तेच असते; हार्डटॉप वाऱ्याच्या तोंडी तसाच उभा राहतो. शिवाय समुद्रावरील टक्करी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम टेहळणी डोळ्यांनी तशीच कानांनीही करायला सांगतो. चारी बाजू काचेने बंद झाल्या की धुक्यातला दुसऱ्या बोटीचा भोंगा इंजिनाच्या आवाजात हरवतो. म्हणून अनेक जाणते बांधणीदार समोर काच आणि वर टणक छप्पर देऊनही मागची बाजू कापडाचीच ठेवतात, आणि धुके पसरले की ती चेन उघडून बाजूला सारता येते.