युरोपातली शहरं रोमनांनी वसवली?

‘आल्प्सच्या उत्तरेला नुसती खेडी होती, शहरं आली ती रोमनांबरोबर’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

दक्षिण जर्मनीत डॅन्यूबकाठचं हॉयनेबुर्ग पाहा. इ. स. पूर्व 600च्या सुमारास तिथे टेकडीवर कच्च्या विटांचा तट उभा राहिला आणि पायथ्याशी वस्ती पसरली. विटांची ही पद्धत भूमध्य सागराकडची, पण तेव्हा रोम स्वतःच लहान होतं. पावसाळी हवेत कच्ची वीट विरघळते. म्हणून खाली चुनखडी दगडाचं जोतं आणि वर चुन्याचा गिलावा. एवढी काळजी घेतल्यामुळे तट काही दशकं टिकला. तो पडला तो आगीत.

पुढे इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकात केल्टिक लोकांची (मध्य आणि पश्चिम युरोपात राहणाऱ्या जमातींची) तटबंद शहरं आली. बव्हेरियातल्या मांखिंगचा विस्तार सुमारे 380 हेक्टर, तट सुमारे 7 किलोमीटर. तटासाठी आडव्या तुळया एकमेकींवर काटकोनात रचायच्या, छेद जातो तिथे लांब लोखंडी खिळा ठोकायचा, मध्ये माती-दगड भरायचे, दर्शनी बाजूला दगडी भिंत. रोमन सेनापती सीझरनेही अशा तटाचं कौतुक केलंय: दगडामुळे आग लागत नाही, लाकडामुळे धडक-ओंडक्याने तो फुटत नाही. दोष एकच, बाहेर डोकावणारी तुळईची टोकं कुजतात.

आत लोहारकाम, काचेच्या बांगड्या, नाणी पाडणं, सगळं चालायचं. आणि रोमनांनी इ. स. पूर्व 15मध्ये हा प्रदेश जिंकला, त्याआधीच मांखिंग ओस पडत गेलं होतं!