सबडोमेन की पाथ? एका सर्व्हरवर दोन अ‍ॅप ठेवताना

एका मशीनवर दोन वेब अ‍ॅप चालू आहेत. हिशेबाचं पोर्ट ३००० वर, साठ्याचं ८००० वर. पुढे इंजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवलाय. बाहेरची प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येते आणि तो ती त्या त्या पोर्टकडे पाठवतो. आता पत्ता ‘हिशेब.उदाहरण.कॉम’ (सबडोमेन) ठेवायचा की ‘उदाहरण.कॉम/हिशेब’ (पाथ)? बहुतेक जण हा दिसण्याचा प्रश्न समजतात आणि दुसरा पर्याय घेतात, कारण त्यात डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदींना, हात लावावा लागत नाही. मीही तसंच केलं होतं आणि मग दोन रात्री तुटलेल्या सीएसएसमागे (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलमागे) घालवल्या.

सबडोमेनमध्ये निवड नावावरून होते. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत ‘होस्ट’ हेडर, म्हणजे कुठली साइट हवी तिचं नाव, पाठवतो; एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे १९९७ पासून, तो सक्तीचा आहे. त्यामुळेच एका आयपीवर कितीही साइट राहू शकतात. एचटीटीपीएसमध्ये पेच वेगळा होता: सर्टिफिकेट आधी दाखवायचं आणि नाव मात्र नंतर कळायचं. ब्राउझरने जोडणी करतानाच नाव सांगायचं, ही एसएनआयची सोय आल्यावर तो सुटला. अ‍ॅपच्या बाजूने पाहिलं तर काहीच बदललेलं नसतं. त्याला वाटतं अख्खं डोमेन आपलंच आहे, ‘/लॉगिन’ म्हणजे ‘/लॉगिन’च.

पाथमध्ये नेमका हाच समज मोडतो. अ‍ॅपने पानात ‘/स्टॅटिक/स्टाइल.सीएसएस’ लिहिलं की ब्राउझर ते डोमेनच्या मुळाशी शोधतो, ‘/हिशेब’च्या आत नाही. तिथे काही नसतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या अ‍ॅपची त्याच नावाची फाइल असते. रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे इथे पुढे बसलेला इंजिनएक्स, एचटीएमएल आपणहून दुरुस्त करत नाही. म्हणून आपण कुठल्या पाथखाली राहतो हे अ‍ॅपलाच सांगावं लागतं. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ‘फोर्स स्क्रिप्ट नेम’ आहे, नेक्स्टजेएस या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये ‘बेस पाथ’. ज्या अ‍ॅपमध्ये अशी सेटिंगच नाही, ते पाथवर बसवायच्या भानगडीत पडू नका.

शिवाय इंजिनएक्सचा तो कुप्रसिद्ध तिरका दांडा. कॉन्फिगमध्ये लोकेशन (कुठला पाथ) ‘/हिशेब/’ आहे आणि प्रॉक्सी पासचा (विनंती कुठे पाठवायची तो) पत्ता ‘१२७.०.०.१:३०००’ एवढाच दिलाय, तर ‘/हिशेब/यादी’ जशीच्या तशी अ‍ॅपकडे जाते. त्याच पत्त्याच्या शेवटी एक ‘/’ टाकला की ‘/हिशेब/’ गळून पडतं आणि अ‍ॅपला फक्त ‘/यादी’ मिळते. दोन्ही रीती बरोबर आहेत. चूक होते ती अ‍ॅपची अपेक्षा एक आणि कॉन्फिग दुसरी असली की.

खरा त्रास कुकीचा. जँगोची सेशन कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, मुळात ‘सेशनआयडी’ या नावाने आणि ‘/’ या पाथसाठी बसते. एका डोमेनवर दोन जँगो अ‍ॅप असली की एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर! आपल्या मशीनवर दोन पोर्टवर चालवून पाहतानाही हेच होतं, कारण कुकी पोर्ट मानत नाही. नाव आणि पाथ बदलून ही टक्कर टळते, पण सुरक्षा मिळत नाही. एकाच डोमेनच्या दोन पाथवर असताना ब्राउझरच्या लेखी दोन्ही अ‍ॅपचा ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणारी ओळख) एकच, ब्राउझरमधलं लोकल स्टोरेजही सामाईक. एकात कोणी स्क्रिप्ट घुसवली तर ती दुसऱ्यालाही विनंत्या पाठवू शकते आणि आलेलं उत्तर वाचू शकते.

सबडोमेनचा खर्च नाही असं नाही. प्रत्येकाला डीएनएस नोंद आणि सर्टिफिकेट हवं. वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना मिळून एकच सर्टिफिकेट, घेतलं तरी ते एकाच पातळीपुरतं: ‘हिशेब.उदाहरण.कॉम’ चालेल, ‘चाचणी.हिशेब.उदाहरण.कॉम’ नाही. डीएनएस केलं आणि इंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये त्या नावाचा सर्व्हर ब्लॉक लिहायचा राहिला, तर इंजिनएक्स, वेगळं सांगितलं नसेल तर, त्या पोर्टवरच्या पहिल्या ब्लॉककडे विनंती देतो आणि नव्या नावावर भलतीच साइट उघडते.

एका ठिकाणी मात्र मी डोळे मिटून पाथ घेतो: फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये दिसणारा भाग) आणि त्याला माहिती पुरवणारा त्याचाच एपीआय. ‘/एपीआय’ त्याच डोमेनवर असला की कॉर्सची (दुसऱ्या ओरिजिनला विनंती करण्याच्या परवानगीची) कटकट नाही, ब्राउझरने आधी परवानगीसाठी करायची ‘ऑप्शन्स’ची विचारणा नाही, कुकी आपोआप जाते. तिथे सामाईक ओरिजिन हवाच असतो. हिशेब आणि साठा ही मात्र दोन वेगळी अ‍ॅप आहेत, त्यांना वेगळी नावं द्या.

आधीच पाथवर टाकून बसला असाल तर नव्या सबडोमेनकडे पाठवताना पानांना ३०१ (‘पत्ता कायमचा बदलला’ असं सांगणारा कोड) पुरेल. फॉर्म आणि एपीआयला ३०८ द्या, त्यात विनंतीची पद्धत बदलत नाही; ३०१ वर मात्र ब्राउझर सहसा पोस्टचं (माहिती पाठवणाऱ्या विनंतीचं) गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करून टाकतात आणि भरलेला मजकूर वाटेतच गळतो.